जुन्या धातूच्या सैनिकाची तलवार वाकली तर ती सरळ कशी करतात?

शंभर वर्षांपूर्वीचा खेळण्यातला सैनिक खोक्यातून बाहेर निघतो, तेव्हा बऱ्याचदा त्याची बंदूक वाकलेली असते, तलवार मुडपलेली असते किंवा घोड्याचा पाय तिरका झालेला असतो. बघणाऱ्याचा हात लगेच पुढे जातो. बोटाने जरा दाबलं की तुकडा वेगळा होतो आणि संग्राह्य वस्तूची किंमत तिथेच घसरते. हे टाळायचं असेल तर आधी धातू समजून घ्यावा लागतो.

हे सैनिक कशाचे असतात?

लंडनच्या ब्रिटन्स कंपनीने 1893 मध्ये पोकळ सैनिक ओतायला सुरुवात केली. वितळलेला धातू साच्यात ओतायचा, साच्याला लागलेला थर थिजला की उरलेला धातू परत बाहेर काढायचा, अशी ही पद्धत. त्यामुळे धातू कमी लागायचा आणि सैनिक स्वस्त पडायचा. साधारण 54 मिलिमीटर उंचीच्या या सैनिकांमध्ये भाले घेतलेले भारतीय घोडदळाचे स्वारही होते. शिशाच्या सैनिकांचं हे उत्पादन 1966 मध्ये थांबलं.

हा धातू म्हणजे निव्वळ शिसं नव्हे. कडकपणा यावा म्हणून त्यात अँटिमनी मिसळत. शुद्ध शिसं सहज वाकतं, पण अँटिमनीमुळे ते ठिसूळ होतं. तलवार एकदा वाकली, तेव्हाच त्या जागी धातू ताणला गेलेला असतो. तिला पुन्हा मागे-पुढे केलं की बारीक तडे वाढत जातात. म्हणून सरळ करण्याची संधी बहुधा एकदाच मिळते.

सरळ करण्याची पद्धत

1. आधी भिंगातून पाहणे. वाकलेल्या जागी केसासारखी रेघ दिसली तर तो तडा असतो. अशा वेळी हात न लावणंच शहाणपणाचं.

2. धरायची जागा. सैनिकाचं अंग धरून टोकाला जोर दिला तर खांदा किंवा मनगट तुटतं. वाक आहे त्याच्या अगदी जवळ, दोन्ही बाजूंना मऊ कापडातून धरावं. दातेरी पक्कड वापरली तर धातूवर वळ उठतात. त्यापेक्षा आइस्क्रीमच्या दोन लाकडी काड्या बऱ्या.

3. थोडं थोडं आणि एकाच दिशेने. सगळा वाक एका झटक्यात काढायचा नसतो. पूर्ण सरळ होण्याच्या किंचित आधीच थांबावं. जास्त गेलं तर उलटं वाकवावं लागतं आणि नेमकं तेव्हाच तुटतं.

4. आचेपासून लांब. शिसं 327 अंश सेल्सिअसला वितळतं. अँटिमनी मिसळलेलं शिसं तर 252 अंशांच्या आसपासच वितळू लागतं. मेणबत्तीवर धरलेली बारीक तलवार बघता बघता थेंब होऊन गळून पडते. सोल्डरिंगमध्येही हाच धोका असतो.

नंतरच्या काळात जस्ताच्या मिश्रधातूचे सैनिकही आले. ते वाकण्याऐवजी थेट मोडतात, त्यामुळे ते सरळ करण्याच्या भानगडीत पडू नये.

तुटलंच तर?

तुकडा जपून ठेवावा. बारीक भाग इपॉक्सीने चिकटवता येतो. डोकं निखळलं असेल तर त्यावर जुना घरगुती उपाय आहे: अंग पोकळ असल्यामुळे मानेच्या भोकात काडेपेटीच्या काडीचा तुकडा बसवायचा आणि त्यावर डोकं टेकवायचं. आजही अनेक जुन्या सैनिकांच्या मानेत अशी काडी सापडते.

रंगाचे टवके उडाले तरी पूर्ण सैनिक नव्याने रंगवू नये. संग्राहक मूळ रंगालाच जास्त किंमत देतात. दुरुस्ती केली असेल तर विकताना ती सांगणं हाच या छंदातला प्रामाणिकपणा.

पांढरी भुकटी दिसली तर

अंगावर पांढरट भुकटी असेल तर शिसं गंजतंय असं समजावं. ओकच्या लाकडाचं कपाट किंवा साधा पुठ्ठा यांतून निघणाऱ्या आम्लाच्या वाफांमुळे असं होतं. हा धातू आतून कमकुवत झालेला असतो, त्यामुळे तो वाकवायला जाऊ नये. भुकटी फुंकरही मारू नये, कारण ती विषारी असते.

हात धुणं विसरू नये

रक्तातल्या शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लहान मुलं आणि गरोदर स्त्रियांना त्याचा धोका सर्वाधिक. म्हणून काम करताना खाली कागद अंथरावा, पॉलिश पेपरने घासू नये, जवळ खाणंपिणं ठेवू नये आणि नंतर साबणाने हात धुवावेत. हे सैनिक मुलांसाठीच घडवले गेले होते, पण आज त्यांची जागा मुलांच्या हातात नाही, काचेच्या कपाटात आहे.

आणि तलवार थोडी वाकडी राहिली तरी बिघडत नाही. तुटलेल्या तलवारीपेक्षा वाकडी तलवार कधीही चांगली.