आठ शब्दजाती आणि काही विराम : इंग्रजी व्याकरणाची जुनी पुस्तके व आपला मराठीचा वर्ग

शनिशिंगणापूर ज्या नेवासे तालुक्यात आहे, त्या तालुक्याला मराठी वाङ्मयाच्या इतिहासात एक निराळेच स्थान आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, ज्ञानेश्वरी नेवासे येथे सांगितली गेली. 'सांगितली गेली' हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत. ज्ञानेश्वरांनी सांगितले आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतले, अशी परंपरा आहे. त्या लेखनात स्वल्पविराम नव्हता आणि उद्गारचिन्हही नव्हते. श्वास कुठे घ्यावा हे ओवीच सांगत होती. यमकाने बांधलेले तीन चरण आणि मागून येणारा आखूड चौथा चरण कानाला पुरेसा होता.

आज याच तालुक्यातील एखाद्या शाळेत मराठीचा तास चालू असेल तर मुले दोन गोष्टी पाठ करीत असतात. पहिली म्हणजे शब्दांच्या आठ जाती आणि दुसरी म्हणजे विरामचिन्हे व त्यांचे उपयोग. या दोन्ही गोष्टी मराठीइतक्याच जुन्या आहेत, असा मुलांचा समज असतो. बहुतेक शिक्षकांचाही असतो. प्रत्यक्षात त्यांचा माग काढत गेले की वाट नेवाशाला किंवा पैठणला जात नाही, ती इंग्लंडमधील यॉर्क या गावी जाऊन पोहोचते. हा प्रवास समजून घेणे केवळ मौजेचे नाही. वर्गात रोज येणाऱ्या काही अडचणींचे मूळ त्यात आहे.

यॉर्कला लिंडली मरे हे गृहस्थ राहत होते. ते जन्माने अमेरिकेतील, पेनसिल्व्हेनियाचे. जन्म १७४५ चा, व्यवसाय वकिलीचा, पंथ क्वेकर. १७८४ मध्ये ते इंग्लंडमध्ये येऊन स्थायिक झाले आणि यॉर्क येथील मुलींच्या एका शाळेसाठी त्यांनी इंग्रजीचे व्याकरण रचले. १७९५ साली छापलेल्या या पुस्तकाच्या पुढील अर्धशतकात असंख्य आवृत्त्या निघाल्या. इंग्लंड-अमेरिकेत आणि पुढे हिंदुस्थानातही शालेय व्याकरण म्हणजे मरे, असे समीकरण झाले.

येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. 'शुद्ध' इंग्रजी शिकवणारी त्या काळातील नावाजलेली पुस्तके ज्यांनी लिहिली, त्यांपैकी बरेच जण लंडनच्या दृष्टीने बाहेरचे होते. मरे अमेरिकन होते. १७६२ मध्ये वक्तृत्वकलेवरील व्याख्याने प्रसिद्ध करणारे टॉमस शेरिडन आयरिश, तर साहित्यरचनेवरील व्याख्यानांचा १७८३ चा प्रसिद्ध ग्रंथ लिहिणारे ह्यू ब्लेअर स्कॉटिश होते. ज्याला आपल्या उच्चाराची जाणीव करून दिली जाते, तोच उच्चाराचे नियम शोधतो. ही पुस्तके मुंबई इलाख्यात आली तेव्हा त्यांच्या पानापानांत ही धास्ती आधीच मुरलेली होती. ती आपल्या विद्यार्थ्यांनी चटकन ओळखली असेल, यात नवल नाही.

आता शब्दजातींकडे वळू. मरे यांनी इंग्रजी शब्दांचे नऊ वर्ग केले होते : उपपद, नाम, विशेषण, सर्वनाम, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी आणि केवलप्रयोगी. मराठीत उपपद नाही. ते वगळले की आठ उरतात, आणि आपल्या शालेय पुस्तकातील यादी बरोबर हीच आहे. संस्कृतची विभागणी अगदी वेगळी होती. यास्काने पदांचे चार प्रकार मानले : नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात. पाणिनीला सुबन्त आणि तिङन्त हे दोनच पुरेसे वाटले. म्हणजे नावे संस्कृत वळणाची असली तरी वाटणी इंग्रजी आहे.

हे कलम मराठीवर बांधण्याचे मोठे काम दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी केले. त्यांच्या आधी मराठीची व्याकरणे झाली नव्हती असे नाही. विल्यम केरी यांचे व्याकरण १८०५ मध्ये श्रीरामपूरहून निघाले होते, पण ते इंग्रजीत आणि इंग्रजांसाठी होते. दादोबांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' १८३६ साली मराठीत आणि मराठी मुलांसाठी निघाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे होते. त्यांनी इंग्रजी व्याकरणाची मांडणी समोर ठेवली, विभक्ती संस्कृतातून घेतल्या आणि उदाहरणे घरातल्या बोलण्यातून दिली. 'मराठीचे पाणिनी' हे बिरुद त्यांना मिळाले ते या कामामुळे. योगायोग असा की पुढे हेच दादोबा अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे डेप्युटी कलेक्टर म्हणून काम करीत होते.

दादोबांच्या कर्तृत्वाबद्दल आदर ठेवूनही एक प्रश्न विचारला पाहिजे. दोन घरांतून आणलेले सामान एका खोलीत मांडले की सांधा कुठेतरी दिसतोच. 'घराला' आणि 'घरावर' हे दोन शब्द घ्या. दोन्हींत 'घर'चे सामान्यरूप 'घरा' झाले आणि त्याला पुढे काहीतरी जोडले गेले. मग 'ला' हा विभक्तीचा प्रत्यय आणि 'वर' हे शब्दयोगी अव्यय, असा भेद कशासाठी? याचे शालेय उत्तर 'पुस्तकात तसे दिले आहे' एवढेच असते. ऐतिहासिक उत्तर असे की 'ला' संस्कृत विभक्तीच्या कप्प्यात बसला, तर 'वर'साठी इंग्रजी यादीतील कप्पा रिकामा होता. ज्या मुलाला हा भेद पटत नाही, त्याला आपण व्याकरणात कच्चा समजतो. वस्तुतः त्याच्या हाताला सांधा लागलेला असतो. मोरो केशव दामले यांनी १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त पूर्वसूरींची मते एकेक करून तपासली, ती असे सांधे त्यांना जाणवत होते म्हणूनच. पण त्यांची चिकित्सा शाळेपर्यंत फारशी पोहोचली नाही. शाळेत यादी पोहोचली.

प्रयोगांचीही तीच गोष्ट. 'रामाने आंबा खाल्ला' या वाक्यात क्रियापद आंब्याप्रमाणे चालते, म्हणून आपण त्याला कर्मणी म्हणतो. त्याचे इंग्रजी भाषांतर मात्र सरळ कर्तरी रचनेत होते. 'रामाकडून आंबा खाल्ला गेला' हे वाक्य इंग्रजी कर्मणीशी जुळते, आणि आपली व्याकरणे त्याला चक्क 'नवीन कर्मणी' म्हणतात. या 'नवीन' शब्दात एक सबंध भाषिक इतिहास दडलेला आहे. आधी इंग्रजीचे भाषांतर करण्यासाठी ही रचना वापरात आली, मग व्याकरणात तिला जागा मिळाली आणि आज सरकारी पत्रव्यवहारात तीच प्रतिष्ठित झाली आहे. 'आपणांस कळविण्यात येते' लिहिणाऱ्या कारकुनाच्या लेखणीवर या भाषांतरांचा संस्कार आहे.

आता विरामचिन्हे. मोडीत विरामचिन्हे नव्हतीच, शब्दांमध्ये जागाही सोडली जात नसे. पोथीत दंड होता, तोही मुख्यतः पद्याच्या सोयीसाठी. मराठी गद्यात इंग्रजी चिन्हे रुजवण्याचे श्रेय मेजर टॉमस कँडी यांच्याकडे जाते. 'विरामचिन्हांची परिभाषा' ही त्यांची पुस्तिका १८५० ची. पाठ्यपुस्तके तपासण्याचे काम त्यांनी अनेक वर्षे केले, त्यामुळे त्यांची पद्धत छापील मराठीची पद्धत झाली.

यातील 'विराम' हा शब्द विचार करण्याजोगा आहे. मरे यांच्या पुस्तकात या चिन्हांचे मोजमाप थांबण्याच्या वेळेवरून दिले आहे : स्वल्पविरामाच्या दुप्पट अर्धविराम, त्याच्या दुप्पट अपूर्णविराम, त्याच्या दुप्पट पूर्णविराम. म्हणजे ही चिन्हे मोठ्याने वाचणाऱ्यासाठी होती. ती वक्तृत्वाची खूण होती, वाक्यरचनेची नंतर झाली. आधुनिक इंग्रजीत हा हिशेब मागे पडला आणि चिन्हे वाक्याच्या घडणीवरून ठरू लागली. मराठीत मात्र नावे तीच राहिली. स्वल्प, अर्ध, अपूर्ण, पूर्ण असा श्वासाचा हिशेब आपण अजून उच्चारतो, आणि परीक्षेत गुण मात्र वाक्याच्या हिशेबाने देतो. 'थोडे थांबायचे असेल तर स्वल्पविराम' असे सांगणारे जुने शिक्षक चुकत नव्हते. ते अठराव्या शतकातील वक्तृत्वशास्त्र नकळत शिकवीत होते.

वक्तृत्वाचा हा धागा शाळेबाहेरही पोहोचला. १८७५ मध्ये न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. ती चालवणाऱ्या संस्थेचे नाव वक्तृत्वोत्तेजक सभा. कीर्तन-प्रवचनाची परंपरा असलेल्या समाजात वक्तृत्वाला उत्तेजन देण्याची गरज का भासावी? कारण 'वक्तृत्व' हा शब्द आता कीर्तनाहून वेगळ्या गोष्टीसाठी वापरला जात होता : एक विषय, एक प्रतिपादन आणि समोर नागरिक. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीही १८७४ मध्ये सुरू केलेल्या 'निबंधमाले'त वक्तृत्वावर स्वतंत्र निबंध लिहिला. विष्णुशास्त्र्यांची स्थिती तर विशेष उद्बोधक आहे. इंग्रजी वळणाने मराठी बिघडते आहे ही तक्रार त्यांनी हिरिरीने केली, आणि ती ज्या लांब, तोललेल्या, उपवाक्यांनी भरलेल्या वाक्यांत केली, ती वाक्ये इंग्रजी निबंधकारांच्या तालमीत तयार झाली होती. यात दांभिकपणा नव्हता. साधने परक्या घरची असली तरी ती आपल्या कामाला लावता येतात, याचाच हा दाखला होता.

असे असेल तर तक्रार कशाची, असे कोणी विचारील. तक्रार उसनवारीची नाहीच. दादोबा आणि कँडी यांनी आणले नसते तर आजचे मराठी गद्य आज आहे तसे झाले नसते, आणि हा लेखही लिहिता आला नसता. तक्रार आहे ती विस्मरणाची. उसने आणलेले आपण स्वयंभू समजतो, आणि मग ते तपासण्याचा अधिकार गमावतो. विद्यार्थ्याने 'ला' आणि 'वर' यांच्याविषयी शंका विचारली तर तिला उत्तर म्हणून एक इतिहास आहे. तो सांगितला तर व्याकरण ही माणसांनी विशिष्ट काळी, विशिष्ट गरजेतून केलेली मांडणी आहे, हे त्याला कळेल. ती मांडणी बदलता येते, हेही कळेल.

शनिशिंगणापूरच्या घरांना चौकटी असतात, पण कवाडे नसतात, हे सर्वश्रुत आहे. भाषेच्या अभ्यासाला चौकट लागतेच. आठ जाती पाठ करून घेताना शिक्षकाने एवढेच करावे : एकदा नऊ जातींची यादी फळ्यावर लिहावी, शेजारी यास्काचे चार प्रकार आणि पाणिनीचे दोन लिहावेत, आणि मुलांना विचारावे, 'घरावर' हा शब्द तुम्ही यांपैकी कुठे ठेवाल? तासाचे उरलेले मिनिट मुले आपोआप भरून काढतील.