मनीच्या घरात दुसरी मांजर

पार्किंगमध्ये भिजलेलं पिल्लू दिसलं आणि मी ते थेट हॉलमध्ये आणून सोडलं. आमची चार वर्षांची मनी जी फिसकारली, की विचारू नका. नंतर तिने जेवणच सोडलं. मांजर उपाशी राहिली की लिव्हरवर येतं, त्यामुळे माझी पार तंतरली.

मग वाचत बसलो. २००७ मधल्या जनुकांच्या अभ्यासानुसार घरोघरच्या मांजरांचा पूर्वज म्हणजे पश्चिम आशियातलं रानमांजर. कुत्र्याचा पूर्वज लांडगा, तो कळपातला. हे रानमांजर मात्र एकट्याने शिकार करणारं, आपला इलाका वासाने आखणारं. माणूस धान्य साठवायला लागला, कोठारात उंदीर आले, उंदरांमागे हे आलं. म्हणजे त्याची ओळख झाली ती माणसाशी, दुसऱ्या मांजराशी नाही.

सायप्रसमध्ये साडेनऊ हजार वर्षांपूर्वीची एक कबर सापडलीय. माणसापासून जेमतेम ४० सेंटिमीटरवर एक मांजर पुरलेलं. त्या बेटावर मुळात मांजरं नव्हतीच, म्हणजे कोणीतरी होडीतून नेली असणार! (होडीत दोन मांजरं असती तर?)

तर मी पिल्लाला बेडरूममध्ये ठेवलं. एकाचा टॉवेल दुसऱ्याकडे, म्हणजे आधी नुसत्या वासाची ओळख. मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना वाट्या. तिसऱ्या दिवशी मनीने वाटीला तोंड लावलं. आता दार चार बोटं उघडं असतं. फिसकारणं चालूच आहे, पण खाता खाता.