पारा : हृदय व रक्तवाहिन्यांवरील परिणाम

पारा व त्याची संयुगे दीर्घकाळ शरीरात जात राहिल्याने रक्तदाब, रक्तवाहिन्यांचे अस्तर व हृदयाची लय यांत होणारे बिघाड. मज्जासंस्था व मूत्रपिंड यांच्या मानाने या परिणामांचा अभ्यास उशिरा झाला.

प्रवेशमार्ग : गिळलेला धातुरूप पारा बहुतांशी तसाच बाहेर पडतो, श्वासावाटे गेलेल्या वाफेपैकी मात्र सु. 80% शोषली जाते. मिथिल पारा मुख्यतः माशांतून येतो. मुशी, सुरमई अशा शिकारी माशांत पारा तारली-मांदेलीपेक्षा जास्त साठतो. समुद्रापासून दूर असलेल्या लातूर जिल्ह्यातील निलंगा, औसा या भागांत हा मार्ग गौण होय. तेथे लक्ष द्यावे लागते ते गोरेपणाच्या पारायुक्त बेनामी क्रीमांकडे, रसौषधींकडे (पारा असलेल्या आयुर्वेदीय औषधांकडे) आणि ज्वारी-तुरीला कीड लागू नये म्हणून कोठीत टाकल्या जाणाऱ्या पारद टिकड्यांकडे. पाऱ्याची वाफ नेहमीच्या तापमानालाही होते, हे कोठीघरात सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

क्रिया : पारा प्रथिनांतील गंधकयुक्त गटांना व सेलेनियमला घट्ट धरतो. त्यामुळे ऑक्सिडीकरणरोधक एंझाइमे दुबळी होतात, नायट्रिक ऑक्साइड घटते व रक्तवाहिन्या नीट सैलावत नाहीत. ॲड्रेनॅलिनवर्गीय द्रव्यांचे विघटनही मंदावते. म्हणून पाराबाधित मुलांत घाम, धडधड व चढा रक्तदाब दिसून अधिवृक्क ग्रंथीच्या अर्बुदाचा चुकीचा संशय येऊ शकतो.

पुरावा : पूर्व फिनलंडमधील 1,833 पुरुषांच्या पाहणीत (1995) केसांत दर ग्रॅमला 2 मायक्रोग्रॅम वा अधिक पारा असणाऱ्यांत तीव्र हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सु. दुप्पट आढळला. यूरोप व इझ्राएलमधील अभ्यासाने (2002) त्याला दुजोरा दिला. अमेरिकेतील मोठ्या पाहणीत (2011) मात्र असा संबंध दिसला नाही. माशांतील ओमेगा-3 मेदाम्ले हृदयाला हितकर असल्याने दोन्ही परिणाम वेगळे काढणे अवघड जाते.

मूत्रपिंडामार्गे होणारी हानी अधिक स्पष्ट आहे. पारायुक्त क्रीमांमुळे मूत्रातून प्रथिने जाऊ लागतात, कोलेस्टेरॉल वाढते व रक्त गोठण्याची प्रवृत्ती बळावते. अकोल्यातील एका कुटुंबातील तिघींना क्रीममुळे मूत्रपिंडविकार झाल्याचे अलीकडे उघडकीस आले.

रसौषधी : हृदयरोगावरील ‘हृदयार्णव रस’ या कल्पातही पारा असतो. शोधन केलेला, गंधकाशी संयुक्त पारा कितपत निरुपद्रवी, याविषयी मतभेद आहेत.

उपचार : संपर्क तोडणे, गरजेनुसार डीएमएसए हे पारा बांधून शरीराबाहेर काढणारे औषध देणे.

नियमन : पाऱ्याच्या वापरावर बंधने घालणारा मिनामाता करार 2017 मध्ये अमलात आला व भारताने तो 2018 मध्ये अनुसमर्थित केला. रक्तदाब मोजण्याच्या पाऱ्याच्या यंत्रांवरही त्याने बंधन आणले.