ताराबाईंचा प्रश्न आणि गर्भपाताचा कायदा

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ 1882 साली पुण्यात छापले गेले. आदल्या वर्षी सुरतेत विजयालक्ष्मी या तरुण विधवेला नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल फाशी सुनावली गेली होती. पुढे ती शिक्षा सौम्य झाली. पुनर्विवाह नाकारणारा समाज आणि नामानिराळा राहणारा पुरुष दोषी कसे नाहीत, हा ताराबाईंचा सवाल होता. स्त्रीआरोग्याच्या इतिहासात या पुस्तकाला मानाचे स्थान हवे.

हे पुस्तक नीतीविषयी आहे, वैद्यकाविषयी नाही, असा आक्षेप घेता येईल. पण 1860 च्या दंडसंहितेने, स्त्रीचा जीव वाचवण्याचे कारण वगळता, गर्भपात गुन्हा ठरवला होता. बदनामीच्या धाकाने दिवस लपवणाऱ्या विधवेला सुरक्षित बाळंतपण कुठून मिळणार? म्हणूनच फुले दांपत्याने 1863 मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. पुढे महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या समितीच्या शिफारशींनंतर 1971 चा गर्भपाताचा कायदा आला; तरी गर्भनिरोधक फसल्याचे कारण त्याने विवाहितेपुरतेच मानले. ही अट 2021 मध्ये गेली. लाजेची किंमत स्त्रीचे शरीर मोजते, हे ताराबाईंनी ओळखले होते. कायद्याला ते मान्य करायला शतकाहून अधिक काळ लागला.