कात्री, डिंक आणि सहाशे डॉलर

मागच्या शुक्रवारी रात्री साडेअकराला कॉलेजातल्या जुन्या मित्राचा फोन आला. हा आमच्या हॉस्टेलचा ड्रमर. दिवसा टेस्टिंग करतो, रात्री सिंहगड रोडवरच्या एका गाळ्यात चौघांचा बँड जमवून शेजाऱ्यांची झोप उडवतो. पाच गाणी रेकॉर्ड करून झाली म्हणाला. "दोनशे कॅसेट काढू. कॅसेट भरून देणारा एक माणूस अजून मुंबईत आहे. लेबल आपलंच. तू फक्त पैशांचं बघ."

आता 'पैशांचं बघ' म्हणजे पैसे सांभाळ की पैसे घाल, हे आपल्या भाषेत मुद्दामच स्पष्ट नसतं. त्यातून बोनस नुकताच जमा झालेला, आणि ही बातमी मीच मूर्खासारखी त्याला दिलेली.

नाही म्हणवेना. मग शनिवारी सकाळी चहा घेऊन एक्सेल उघडलं आणि दहा मिनिटांत बंद केलं. म्हटलं, हे उद्योग आपल्याआधी कोणीतरी केलेच असतील. केलेत. सेकंड इयरला एका सिनियरने पेन ड्राइव्हवर फुगाझीची गाणी दिली होती, तेव्हापासून त्या बँडच्या मागचं 'डिसकॉर्ड' हे लेबल माझ्या मनात घर करून आहे. पण आजवर मी त्याच्याकडे भक्तासारखं बघितलं होतं. या शनिवार-रविवारी प्रथमच मुनीमजीसारखं बघितलं. तर मंडळी, हा लेख त्याबद्दल.

गोष्ट सुरू होते वॉशिंग्टन डी.सी.मध्ये, १९७९-८० साली. 'टीन आयडल्स' नावाचा शाळकरी पोरांचा पंक बँड. बेसवर इयन मकाय, ड्रम्सवर जेफ नेल्सन, गायला नेथन स्ट्रेचेक, गिटारवर चौथा एक मित्र. क्लबात दारू मिळायची म्हणून अल्पवयीन मुलांना आत घेत नसत. १९८०च्या उन्हाळ्यात ही पोरं बसने थेट कॅलिफोर्नियाला जाऊन आली. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका क्लबात त्यांना हाकलून देण्याऐवजी हातावर मार्करने मोठी काळी फुली मारली. म्हणजे बारवाल्याने ओळखावं, याला पाजायची नाही. परत येऊन त्यांनी आपल्या गावातल्या क्लबवाल्यांना तोच तोडगा सुचवला. पुढे त्या फुलीचा जगभर एक पंथच झाला, पण ते विषयांतर. असो.

मला महत्त्वाची वाटते ती गल्ल्याची गोष्ट. वर्षभर छोटे-मोठे कार्यक्रम करून बँडकडे सुमारे ६०० डॉलर साठले होते. कोणी खर्च केले नव्हते, सगळे एकत्र ठेवलेले. आणि १९८०च्या नोव्हेंबरात बँड फुटला. आता चौघांत दीडशे-दीडशे वाटून घ्यायचे, की त्या पैशांतून जे वाजवलं त्याची एक रेकॉर्ड काढून ठेवायची? त्यांनी रेकॉर्ड काढली. 'मायनर डिस्टर्बन्स', सात इंची, आठ गाणी, हजार प्रती, डिसेंबर १९८०. म्हणजे बघा, बँड आधी मेला आणि लेबल नंतर जन्माला आलं. धंद्याचा विचार करणारा कुठलाही शहाणा माणूस मेलेल्या बँडची रेकॉर्ड काढणार नाही. त्यांना ती विकायची कमी आणि जपून ठेवायची जास्त होती. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढचे सगळे निर्णय इथूनच निघतात.

रेकॉर्ड कशी काढतात हे त्यांना काडीचंही ठाऊक नव्हतं. जवळच रॉकव्हिलमध्ये स्किप ग्रॉफ नावाच्या माणसाचं रेकॉर्डचं दुकान होतं. तो स्वतः छोटं लेबल चालवायचा. त्याने सांगितलं कुठे छापून मिळतं, काय पाठवायचं. गाणी रेकॉर्ड झाली होती डॉन झिएन्टाराकडे, आर्लिंग्टनमध्ये, त्याच्या राहत्या घराच्या तळघरात. राहिलं कव्हर. प्रेसमध्ये तयार कव्हरं करून घेणं परवडेना. मग या पोरांनी काय केलं, तर इंग्लंडहून आलेल्या एका सात इंची रेकॉर्डचं कव्हर अलगद उकललं, सपाट केलं, कागदावर ठेवून त्याचा आकार गिरवला आणि तो छापखान्यात नेला. छापलेले कागद घरी आणले. मग कात्री, घडी, डिंक. हजार वेळा. पुढच्या काही रेकॉर्ड्सही अशाच. मित्र-मैत्रिणी जमवायचे, टीव्ही लावायचा आणि कव्हरं चिकटवत बसायचं. आपल्याकडे उन्हाळ्यात आया-मावश्या पापड लाटायला बसतात, तस्सं :)

पहिल्या रेकॉर्डचे पैसे सुटले की दुसरी, असा बेत होता. पण मित्रांच्या बँडना तेवढा धीर कुठला? दुसरी रेकॉर्ड निघाली 'स्टेट ऑफ अलर्ट'ची. त्यांचा गायक हेन्री गारफील्ड जॉर्जटाउनमधल्या आइस्क्रीमच्या दुकानात मॅनेजर होता. त्याने पगारातून स्वतःच खर्च भरला. हाच पुढे 'ब्लॅक फ्लॅग'मध्ये जाऊन हेन्री रॉलिन्स झाला. तिसरी रेकॉर्ड मकाय आणि नेल्सनच्या नव्या बँडची, 'मायनर थ्रेट'ची, १९८१. त्याच वर्षी त्यांनी आर्लिंग्टनमध्ये एक घर भाड्याने घेतलं. वर राहायचं, तळघरात वाजवायचं, एका खोलीत लेबल. पत्रव्यवहाराचा पत्ता मात्र मकायच्या आई-वडिलांच्या घराचा, आणि तो तसाच राहिला.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. भक्तमंडळी ती टाळतात. मकायचे वडील वॉशिंग्टन पोस्टमध्ये पत्रकार होते. ही सुशिक्षित घरची मुलं होती. आइस्क्रीमच्या दुकानातल्या पगारावर अठराव्या वर्षी लेबल काढता येतं, कारण बुडालो तर परत जायला गावातच घर असतं. माझ्या मित्राचे वडील जळगावला, त्याच्या डोक्यावर एज्युकेशन लोन. कात्री आणि डिंक दोघांकडेही सारखाच, पण पडल्यावर लागायचं ते सारखं नाही.

बरं, आता लेबल बुडतं कशाने? माझा समज होता, रेकॉर्ड खपली नाही की बुडतं. उलट आहे. रेकॉर्ड खपली की बुडतं! छापणाऱ्याला पैसे आधी द्यावे लागतात. वितरक माल उधारीवर उचलतो, दुकानात टाकतो, आणि पैसे देतो दोन-तीन महिन्यांनी, तेही तुमच्याकडे पुढची खपाऊ रेकॉर्ड असेल तर. म्हणजे जितका माल जास्त जातो तितके तुमचे पैसे दुसऱ्याच्या खिशात जास्त अडकतात. दुकानं माल मागतायत आणि तुमच्याकडे छापायला पैसे नाहीत. मला हे पटकन कळलं, कारण फेस्टच्या वेळी एका स्पॉन्सरच्या शब्दावर आम्ही चारशे टी-शर्ट छापले होते. टी-शर्ट दोन दिवसांत संपले. स्पॉन्सरचे पैसे सहा महिन्यांनी आले आणि तोवर छपाईवाला रोज संध्याकाळी हॉस्टेलच्या गेटवर उभा. तेव्हापासून मी 'सुपरहिट' या शब्दाला जरा घाबरतो.

डिसकॉर्डही नेमकं याच कात्रीत सापडलं, मायनर थ्रेटची मागणी वाढली तेव्हा. त्यातून बाहेर काढलं लंडनच्या जॉन लोडरने. लोडर हा सदर्न स्टुडिओचा मालक आणि 'क्रास' या ब्रिटिश पंक बँडचा ध्वनितंत्रज्ञ. त्याने छपाई आणि वितरण आपल्या अंगावर घेतलं. खर्च आधी तो करणार, विक्रीतून वळता करून घेणार. मकायच्या तत्त्वांबद्दल पानंच्या पानं लिहिली गेलीत, लोडरबद्दल फार कोणी बोलत नाही. माझ्या मते लेबल वाचलं त्यात गाण्यांचा वाटा निम्मा आणि या उधारीच्या सोयीचा निम्मा.

तत्त्वं अर्थात होतीच, पण ती हिशेबाच्या वहीतूनच उगवलेली दिसतात. फक्त वॉशिंग्टन आणि आसपासचे बँड घ्यायचे. लोकांनी यावरून त्यांना कंपूबाज म्हटलं, आणि ते अगदीच खोटं नाही. पण याचा दुसरा अर्थ असा की बँड पायी चालत येण्याइतक्या अंतरावर. भांडण झालं तर वकिलाची नोटीस नाही, थेट दाराची बेल. म्हणून कॉन्ट्रॅक्टच नाही. खर्च वजा जाता जे उरेल ते बँड आणि लेबल वाटून घेणार, बस्स. टपालाने मागवण्याची किंमत खर्चासकट रेकॉर्डवरच छापलेली, म्हणजे दुकानदाराने वर चढवून विकलं की गिऱ्हाइकाला कळावं. आपल्याला याचं काय कौतुक, आपल्याकडे बिस्किटाच्या पुड्यावर एमआरपी असते! पण तिकडच्या रेकॉर्डच्या धंद्यात ही अजब गोष्ट होती.

कॉन्ट्रॅक्ट नाही म्हटलं की सगळे मँचेस्टरच्या 'फॅक्टरी रेकॉर्ड्स'चं नाव घेतात. तेही १९७८चं, तेही शब्दावर चालणारं. टोनी विल्सन आणि मंडळींचं म्हणणं, संगीत कलाकारांच्या मालकीचं, लेबलच्या मालकीचं काही नाही. फार सुंदर. पण त्यांनी १९८२ साली 'हासिएंडा' नावाचा भव्य नाइट क्लब काढला आणि वर्षानुवर्षं त्यात पैसे ओतले. 'न्यू ऑर्डर'चं 'ब्लू मंडे' १९८३ साली आलं. पीटर सॅव्हिलने फ्लॉपी डिस्कसारखं कव्हर केलं, त्यात कापून काढलेल्या खिडक्या. छापायला इतकं महाग, की प्रत्येक प्रतीमागे नुकसान व्हायचं असं फॅक्टरीचेच लोक सांगत. रेकॉर्ड तुफान खपली! १९९२च्या नोव्हेंबरात फॅक्टरीचं दिवाळं निघालं. एक मोठी कंपनी विकत घ्यायला आली होती, तिला कळलं की घेण्यासारखं इथे काही नाहीच, गाणी तर बँडची. बिचारे.

दोन्हीकडे तोंडी व्यवहार, दोन्हीकडे मोठं मन. पण एकाकडे कव्हर डिझायनरचं आणि दुसऱ्याकडे कव्हर डिंकाचं. मकायला लोक संत म्हणतात. मला तो भुसारी दुकानदार वाटतो, आणि हे मी कौतुकाने म्हणतोय. गल्ल्यात असेल तेवढंच भरायचं, दुकान राहत्या घरात, उधारी लिहून ठेवायची.

फुगाझीचा कारभारही असाच. १९८७पासून तिकीट पाच डॉलर, फार तर सहा, आणि सर्व वयांच्या लोकांना प्रवेश. हे परवडायचं कारण ते मोठ्या हॉटेलांत उतरत नसत, सोबत लवाजमा नसे. टी-शर्टसुद्धा विकत नसत. १९९१मध्ये निर्वाणाचा अल्बम गाजला आणि मोठ्या कंपन्या चेकबुकं घेऊन असे बँड शोधत फिरायला लागल्या. १९९३ साली अॅटलांटिक रेकॉर्ड्सचा संस्थापक अहमत एर्तेगुन स्वतः फुगाझीला भेटला. ते नाही म्हणाले.

पण डिसकॉर्डच्याच दोन बँडनी हो म्हटलं. 'जॉबॉक्स' अॅटलांटिककडे गेला, 'शडर टू थिंक' एपिककडे. दोघांचे तिकडचे पहिले अल्बम १९९४ साली आले. कॉन्ट्रॅक्ट नसल्यामुळे त्यांना अडवायला कागदच नव्हता. वाईट वाटलं असणारच, पण गेले. जॉबॉक्स १९९७ साली फुटला. आणि २००९ साली तोच अॅटलांटिकवाला अल्बम पुन्हा बाजारात आला तेव्हा त्यावर बँडच्या स्वतःच्या लेबलबरोबर नाव होतं डिसकॉर्डचं. हे वाचलं तेव्हा रविवारची दुपार होती, बाहेर कुकरच्या शिट्ट्या चालल्या होत्या, आणि मी उगाच उठून खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो.

फुगाझीने २००३पासून जाहीर कार्यक्रम केलेले नाहीत. पण त्यांच्या बहुतेक कार्यक्रमांच्या टेप जपून ठेवलेल्या होत्या. २०११पासून त्या एकेक करून इंटरनेटवर यायला लागल्या, शेकड्यांनी. सुचवलेली किंमत? पाच डॉलर. लेबल अजून चालू आहे.

रविवारी संध्याकाळी ड्रमर घरी आला. मी त्याला एक्सेल दाखवलं. दोनशेऐवजी शंभर कॅसेट. पैसे माझे एकट्याचे नाहीत, आत्तापर्यंतच्या कार्यक्रमांतून बँडच्या खात्यात पडलेत ते आधी संपवायचे, कमी पडतील तेवढेच मी घालणार. दुकानात उधारीवर एकही कॅसेट ठेवायची नाही. कार्यक्रमाच्या दारात विकायच्या, रोख किंवा यूपीआय. किंमत कव्हरवर छापायची.

"आणि मोठं लेबल आलं तर?" त्याने विचारलं.

"तर जा."

तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, कव्हरचं काय, त्याच्या ओळखीत एक डिझायनर आहे, पंधरा हजार घेतो. मी आत जाऊन बाबांच्या खोक्यातून नाट्यगीतांची एक जुनी कॅसेट आणली, आतला कागद काढला आणि घड्या उलगडून टेबलावर सपाट केला. पिवळा पडलाय, पण कडा शाबूत आहेत. पेन्सिलीने आकार गिरवला. पाठीवरची पट्टी जेमतेम बोटभर रुंद, त्यात बँडचं अख्खं नाव मावत नाहीये. यावर सध्या वाद चालू आहे.