कॅम्प्टोथेसिन

कर्करोगावरील औषधांच्या एका मोलाच्या कुळाचे मूळ रसायन. नंदुरबारला जन्मलेले मनसुख वाणी आणि मन्रो वॉल यांच्या चमूने १९६६ मध्ये अमेरिकेत ते एका चिनी वृक्षापासून वेगळे केल्याचे जाहीर केले.

कॅम्प्टोथेसिन डीएनएचा पीळ सैल करणाऱ्या टोपोआयसोमरेज-१ या विकराला डीएनएवरच जखडून ठेवते. पेशी विभागू लागली की डीएनए तुटतो, पेशी मरते. हे रहस्य १९८५ मध्ये उलगडले. तोवर औषध जवळजवळ बादच झाले होते: मूळ रसायन पाण्यात विरघळेना आणि त्याऐवजी दिलेला सोडियम क्षार मूत्राशयाला इजा करी. रसायनज्ञांनी चिकाटी सोडली नाही. रेणूत फेरफार करून घडवलेली टोपोटेकन व इरिनोटेकन ही विद्राव्य औषधे १९९६ मध्ये अमेरिकेत मान्य झाली.

सह्याद्रीतील नरक्या या झाडातही कॅम्प्टोथेसिन असते. त्यापायी झालेली बेसुमार तोड थांबायलाच हवी.