रात्रीची टपाल-विमाने आणि नागपूर : अंतर व काल यांचा विचार

दोन विमानतळांमधील अंतराला विमानाच्या वेगाने भागले की प्रवासाचा काल मिळतो, असे सामान्यतः समजले जाते. दळणवळणाच्या इतिहासात हे गणित अपुरे ठरते. ३० जानेवारी १९४९ रोजी सुरू झालेली रात्रीची टपाल-विमानसेवा हे त्याचे उत्तम उदाहरण होय.

तत्कालीन दळणवळणमंत्री रफी अहमद किडवाई यांनी पुरस्कारिलेल्या या योजनेत मुंबई, कलकत्ता, दिल्ली व मद्रास येथून रात्री निघालेली विमाने नागपुरास एकत्र येत. तेथे टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत चारही शहरांचे टपाल आपापल्या ठिकाणी पोहोचे. सरळ रेषेने मोजल्यास नागपूर मुंबईपासून सुमारे ६८०, दिल्लीपासून ८५०, मद्रासपासून ९०५ व कलकत्त्यापासून ९८५ कि.मी. आहे. डकोटा विमानाचा वेग ताशी सुमारे २७० कि.मी. धरला, तर सर्वांत लांबचा टप्पाही चार तासांच्या आत पुरा होतो.

मुंबई–कलकत्ता व दिल्ली–मद्रास या दोन्ही सरळ रेषा नागपूरच्या अगदी जवळून जातात; त्यामुळे या मार्गांवर वळसा जवळजवळ पडत नाही. मुंबई–मद्रास हे अंतर मात्र सुमारे १,०३० कि.मी. असता नागपूरमार्गे ते १,५८५ कि.मी. होते, म्हणजे उड्डाणाचे दोन तास वाढतात. तरीही रात्री निघालेले पत्र सकाळी पोहोचत असल्याने हे दोन तास पत्र लिहिणाऱ्याच्या हिशेबात येतच नव्हते. झोपेच्या वेळेतच ते खर्ची पडत. १ एप्रिल १९४९ पासून देशांतर्गत पत्रे जादा आकाराशिवाय विमानाने नेली जाऊ लागल्याने हा लाभ सामान्य माणसापर्यंतही पोहोचला.

या लाभाची किंमतही मोजावी लागली. रात्रीच्या उड्डाणाची साधने अपुरी असल्याचा आक्षेप जे. आर. डी. टाटा यांनी घेतला होता. १२ डिसेंबर १९५३ रोजी नागपुराहून मद्रासकडे निघालेले डकोटा उड्डाणानंतर लगेच कोसळले व तेरा जण मृत्यू पावले.

आता या मार्गाखालील भूमीकडे पाहू. नागपूर–मद्रास ही सरळ रेषा चांदा शहराजवळून जाते. तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातील आणि १९८२ पासून गडचिरोली जिल्ह्यात मोडणारा मुलचेरा परिसर तिच्या पूर्वेस, शंभर कि.मी.च्या आत आहे. १९६०च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांच्या वसाहती येथे वसविण्यात आल्या. कलकत्त्यात आप्त असलेल्या कुटुंबाच्या दृष्टीने नागपूरपर्यंतचे ९८५ कि.मी. एका रात्रीचे होते. उरलेले अंतर सरळ रेषेने दोनशे कि.मी.हूनही कमी, परंतु चांद्याकडून येणाऱ्यास वैनगंगा ओलांडून अरण्यातील वाट धरावी लागे, आणि पावसाळ्यात ती वाट केव्हा खुली राहील याचा नेम नसे.

यावरून अभ्यासकाने एक पथ्य पाळावे. वेळापत्रकातील तास हे विमानतळापासून विमानतळापर्यंतचे असतात. पत्राचा काल मात्र ते टाकल्यापासून वाचले जाईपर्यंत मोजावयाचा असतो. पहिल्या मापाने १९४९ साली देश लहान झाला. दुसऱ्या मापाने तो चार महानगरांपुरताच लहान झाला. नागपूरचे आकाश जवळ येऊनही मुलचेरा दूरच राहिले.